खिडकीतल्या चार बाटल्या

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची. सकाळी सातच्या सुमाराला कोवळं ऊन आत शिरतं, आणि परवापर्यंत ते ओट्याच्या कडेला ओळीनं मांडलेल्या चार बाटल्यांतून गाळून, तपकिरी होऊन भिंतीवर पडायचं. औषधाच्या असतात तशा लहान, रुंद तोंडाच्या बाटल्या; प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि बोळ्यावर एकेक अर्क: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशांवर जन्मभर जी सुबक अक्षरं काढली, त्याच अक्षरांत ह्यांनी त्यांच्यावर नावं लिहिली होती. दोन वर्षं, एकही सकाळ न चुकवता, हे स्टूल ओढून माझ्यासमोर बसायचे, मला डोळे मिटायला लावायचे आणि एकेक बाटली माझ्या नाकाशी धरायचे. "आला?" "नाही." "आता?" "नाही." चार वेळा नाही म्हणून झालं की बुचं लागायची आणि मग आमचा चहा व्हायचा. बाटल्यांचा क्रम मला पाठ होता, तेव्हा खोटं बोलणं अगदी सोपं होतं. पण दोन वर्षांत मी एकदाही खोटं बोलले नाही.

एका तापात माझी वास घेण्याची शक्ती गेली. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात बळ आलं, आणि आठ दिवसांनी देवापुढे उदबत्ती लावताना लक्षात आलं की धूर दिसतो आहे, पण त्याच्यात काहीच नाही. माणसाला पंचेंद्रियांतलं एखादं सोडावं लागलं तर तो बहुधा हेच सोडील. डोळ्यांपुढे आणि कानांपुढे नाकाची काय मातब्बरी! मीही तसंच म्हटलं असतं. जिभेला आंबट, खारट, गोड, कडू एवढंच कळतं आणि बाकीचं सगळं नाकाचं असतं, हे मला ते गेल्यावर समजलं.

त्यातून माझा सगळा जीव नाकात. ह्यांचे पूर्वज मराठवाड्यातले शेतकरी. निजामाच्या काळी इकडे आले आणि हैदराबादचेच झाले. सासूबाईंनी मला काळा मसाला शिकवला आणि पुढे या शहरातल्या कितीतरी मराठी घरांत माझाच मसाला जाऊ लागला. चैत्र लागला की अफझलगंजच्या बाजारातून धणे, खोबरं, दगडफूल यायचं. दगडफूल कच्चं असतं तेव्हा वाळक्या शेवाळासारखं मुकं असतं. तापल्या तेलात पडलं की त्यातून भिजल्या रानाचा एक दरवळ उठतो आणि त्याच क्षणी ते उतरवायचं असतं. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. आजारानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नुसत्या रंगावरून सगळं भाजलं. मलकपेठच्या नलूताईंनी फोन केला, "वसुधा, मसाला छानच गं. यंदा जरा वेगळा लागला, एवढंच." त्या फार भल्या आहेत. मी लोखंडी कढई पुसली आणि माळ्यावर टाकून दिली.

मग हळूहळू ओळखीचं अन्नच मला नकोसं झालं. आमटी समोर आली की जुन्या आमटीची आठवण आधी घास घ्यायची आणि माझ्या वाटेला नुसतं आंबट पाणी उरायचं. ह्यांनी गॅसची गळती ओळखणारं यंत्र बसवलं. बाहेर निघताना "माझ्या अंगाला घामाचा वास नाही ना येत?" असं मी विचारायची, लहान मुलीसारखी. मुलगी मनू अमेरिकेहून बाळाला घेऊन आली तेव्हा मी त्याला उराशी धरून त्याची टाळू हुंगली, पुन्हा पुन्हा हुंगली, आणि मग त्याला परत देऊन बाल्कनीत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मी फार रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

बाटल्यांचा हा सराव ज्या नाकाच्या डॉक्टरांनी सांगितला होता, त्यांनीच परवा सकाळी तपासण्यांचे सगळे कागद नीट रचून परत दिले. म्हणाले, "आता वाट बघत बसू नका, सवय करून घ्या." ह्यांनी नकाशावर सही करावी तशी शांतपणे मान डोलावली. घरी परतताना मी मनाशी एक वाक्य जुळवलं: अहो, उद्यापासून बाटल्या पुरे. एवढंच. त्या "आला?"मधली आशा मला आता सोसवत नव्हती. दर सकाळी चार वेळा मी ह्यांना निराश करत होते आणि हे चार वेळा हसून बूच लावत होते. पण हे वाक्य घरात, त्या बाटल्यांच्या समोर बोलायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मीच म्हटलं, गल्लीच्या टोकाला ते इटालियन हॉटेल झालंय ना, तिथे जाऊ या. हे चकित झाले. मी कारण सांगितलं: तिथलं काहीच मी कधी खाल्लेलं नाही, जे कधी चाखलंच नाही ते बेचव लागलं तरी मला कळणार नाही. आणि आज वासाचं काही विचारायचं नाही, एवढं वचन घेतलं.

आश्विनातली दिवेलागणीची वेळ होती. हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत सातविणीचं एक जुनं झाड आहे आणि या दिवसांत ते पांढुरक्या हिरव्या गुच्छांनी लदलेलं असतं. येणारेजाणारे त्याच्याखालून नाकाला रुमाल लावून, भराभरा पाय उचलत जातात. ह्यांच्याही कपाळाला आठी पडली. वास मला अलीकडे असाच, दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसतो. मी एकटीच त्या झाडाखालून सावकाश चालत गेले.

ज्या बंगल्यात पूर्वी दातांचा दवाखाना होता तिथेच हे हॉटेल. जिथे बसून आम्ही दाढ धरून कण्हायचो तिथे आता लाकडाच्या फळीवर रंगीत बाटल्यांची आरास होती. मागे विटांची भट्टी धगधगत होती, टेबलांवर मधाळ उजेड सांडला होता, आणि भोवती आमच्या मनूच्या वयाची मंडळी उंच खुर्च्यांवर बसून उंच पेले उंचावत होती. आमच्याकडे कुणी बघितलं नाही. म्हाताऱ्यांना ही एक मोठी सोय असते. वाढायला खलीलभाई नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते, मेंदी लावलेल्या दाढीचे. कार्डाच्या शेवटच्या कोपऱ्यात दारू नसलेल्या पेयांची नावं होती. ह्यांनी सोडा-लिंबू सांगितलं. मी लिंबू आणि बेसिलचं काहीतरी सांगितलं, कारण बेसिल ही तुळशीची कुणी परदेशी बहीण असते, एवढं मला मनूकडून ठाऊक होतं.

पेला आला. काचेवर दव साचलं होतं, बर्फात काहीतरी हिरवं तरंगत होतं. मी तो तोंडाशी नेला: गार, आंबट, किंचित गोड. काहीच नाही. मग मी वर बघितलं. ह्यांनी वचन पाळलं होतं; ओठ घट्ट मिटलेले होते. पण मान पुढे झाली होती, डोळे माझ्यावर खिळले होते, आणि नाकपुड्या आपसूक फुलल्या होत्या. माझ्याऐवजी तेच श्वास ओढत होते. मी जुळवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"अहो, आला. तुळशीसारखा... पुसट आला."

ह्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला लिहिता येणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसा चेहरा मी मनूच्या जन्माच्या वेळी एकदाच पाहिला होता. "मी म्हणत होतो ना! वसू, मी म्हणत होतो की नाही!" एवढंच पुन्हा पुन्हा. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि मी नको म्हणेपर्यंत फोन काढून मनूला लावलाही. तिकडे सकाळ होत असेल. घंटी वाजत होती, तेवढ्यात खलीलभाई पास्त्याची बशी घेऊन आले आणि माझ्या पेल्याकडे बघून ओशाळले.

"माफ करो मॅडम, बोलनाच भूल गया. आज बेसिल आयाच नै, तो ककडी डालके बना दिए. नक्को बोले तो बदलके देतूं."

ह्यांनी फोन कानावरून खाली घेतला आणि बंद केला. "नै भाई, अच्छा है, रहने दो," असं अगदी रोजच्या आवाजात म्हणाले. खलीलभाई गेले. माझी मान वर होईना. पेल्यातला हिरवा तुकडा मला आता स्पष्ट दिसत होता. सालीसकट कापलेली काकडीची चकती, दुसरं काय! फोन पुन्हा वाजला. मनूच होती, घाबरी झालेली.

"काही नाही गं," हे म्हणाले, "चुकून लागला."

मग आम्ही जेवलो. पास्ता मऊ होता आणि खारट होता, त्यातली ऑलिव्हं कडवट होती. यापलीकडे मला त्या देशाबद्दल काही सांगता येणार नाही. हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. वाढून घेताना मला आधी वाढलं, आणि निघताना माझी खुर्ची मागे सरकवली. परतताना सातविणीखाली ह्यांनी कपाळाला आठी घातली नाही, नाकाला रुमाल लावला नाही, माझ्याच चालीनं सावकाश चालले. मी जे वाक्य सांगायला गेले होते ते मला सांगावंच लागलं नाही.

काल सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले तर ऊन नेहमीच्या वेळी आलं होतं, पण भिंतीवर तपकिरी काहीच नव्हतं. चारही बाटल्या धुऊन, नावांच्या चिठ्ठ्या खरवडून, एका फडक्यावर उपड्या घातल्या होत्या. काच लख्ख निघाली होती. स्टूल टेबलाखाली सारलेलं होतं, आणि हे चहाचं आधण ठेवून माझ्याकडे पाठ करून उभे होते. मला हेच हवं होतं. दोन वर्षं हेच हवं होतं, आणि तरी मी दाराशीच थांबले. आता मला रोज सकाळी "आला?" असं विचारणारं या जगात कुणीही उरलं नव्हतं.

मी एक बाटली उचलून नाकाशी धरली. हे वळून बघत होते. मी मान हलवली: नाही. मग तीच बाटली ह्यांच्या नाकाशी नेली. ह्यांनी डोळे मिटले आणि सावकाश, मन लावून श्वास ओढला.

"नाही," हे म्हणाले.