टेबलावर लाईन ओके

घरात काही बिघडलं असं सांगितलं की आमच्या भावजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, चेहरा खुलतो. पाहुणे आल्यावर होत नाही एवढा आनंद त्यांना नळ गळायला लागल्यावर होतो. मी त्यांची एकुलती एक मेव्हणी, त्यामुळे त्यांची टिंगल करायचा परवाना मला त्यांच्या लग्नापासूनच मिळालेला आहे आणि तो मी मनसोक्त वापरते. पण इंटरनेटच्या वेगाचा विषय निघाला की मी गप्प बसते.

भावजींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, तीही टेस्ट डेस्कवर. कुणाचा फोन बंद पडला की तक्रार यांच्या टेबलावर यायची. हे कानाला हेडफोन लावायचे, त्या नंबरची लाईन जोडून घ्यायचे, मीटरचा काटा बघायचे आणि एक तर लाईनमनला पाठवायचे, नाहीतर ‘लाईन ओके’ म्हणून तक्रार निकालात काढायचे. दारोदार जायचं काम लाईनमनचं. भावजी कधी गिऱ्हाइकाच्या घरी गेले नाहीत. टेबल सहसा चुकायचं नाही आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

पुढे ते टेबलच गेलं, निवृत्ती आली, आणि एका जुन्या सोबत्याने त्यांच्या डोक्यात लिनक्सचं खूळ भरवलं. कंप्युटर चालवणारी ही यंत्रणा फुकट मिळते आणि आतून उघडून हवी तशी फिरवता येते, एवढं ऐकल्यावर भावजी कसले थांबतात! त्यांचा स्वतःचा कंप्युटर, माळ्यावरून काढलेलं एक जुनं धूड आणि ताईचा लॅपटॉप, सगळ्यांवर लिनक्स चढलं. ताई कुठल्याही बटणाला हात लावायला बिचकायची. “परवापर्यंत हे डावीकडे होतं, आज उजवीकडे गेलंय. उद्या माझा ओटा हलवाल,” ती म्हणायची.

ताईला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही; चाळिशीच्या सुमारास हळूहळू गेलं. कानातल्या यंत्राने नुसता गोंगाट वाढतो, शब्द कळत नाहीत. ती ओठांवरून बोलणं ओळखते. आणि इथे भावजींचं मोठेपण मला मान्य करायलाच हवं. तिचं ऐकणं गेलं तसं त्यांनी स्वतःला बदललं. उजेडाकडे तोंड करून बोलायला शिकले, पाठ फिरवून एक अक्षर बोलायचं नाही हा नियम केला, आणि ओठ नीट दिसावेत म्हणून कॉलेजपासून जपलेली झुबकेदार मिशी एका सकाळी काढून टाकली. मी पोट धरून हसले होते. ताई रडली होती.

अशा माणसाच्या हातून पुढचं घडलं, म्हणून जास्त लागतं.

भाची नोकरीसाठी दूर गेली. दर रविवारी सकाळी ती लॅपटॉपवर समोर यायची. मोबाइलच्या टीचभर पडद्यावर ओठ वाचता येत नाहीत, म्हणून लॅपटॉपच. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर असायचा, कारण ताईला एकीकडे कढईत काय चाललंय तेही लेकीला दाखवायचं असायचं. सुरुवातीला छान चाललं. मग चित्र अडकायला लागलं. भाचीचं तोंड अर्धवट उघडं राहायचं आणि शब्द पुढे निघून जायचे. तुम्हा-आम्हाला त्याचं फारसं काही वाटत नाही, आपण ऐकतो. ताईचं सगळं ऐकणंच त्या चित्रात होतं. अडकलेल्या चित्रासमोर ती वाट बघत बसायची, आणि चित्र हलायचं तेव्हा वाक्य संपलेलं असायचं.

तिने भावजींना सांगितलं. भावजी खुलले.

त्यांनी आधी आपल्या खोलीत, राउटरला वायरने जोडलेल्या आपल्या कंप्युटरवर वेग मोजला. भरपूर. मग त्या धुडाशी आपला कंप्युटर जोडून घरातल्या घरात मोजला. तोही भरपूर. मग लॅपटॉप स्वयंपाकघरातून उचलून आपल्या टेबलावर आणला, चार्जरला लावला आणि वायफायवर मोजला. उत्तम. “लाईन ओके,” ते म्हणाले.

“आडात आहे हो भावजी,” मी म्हणाले, “पण पोहऱ्यात येत नाही त्याचं काय?”

“अगं, टेबलावर येतंय म्हणजे तिकडेही यायलाच हवं. लेकीच्या बाजूनेच काहीतरी असणार.”

तरी पुढच्या रविवारी चित्र अडकलंच. मग त्यांनी केबल बदलली, तिची टोकं स्वतः बसवली. राउटर कपाटावर चढला, तिथून भिंतीवर गेला. शेजाऱ्यांच्या वायफायशी टक्कर नको म्हणून चॅनेल बदललं. वायफाय चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम बदलला, शेवटी लिनक्सच नव्याने चढवलं, तेही एकदा नाही. प्रत्येक वेळी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर यायचा, चार्जरला लागायचा आणि एखाद्या हुशार मुलासारखा पहिल्या नंबराने पास व्हायचा. परत स्वयंपाकघरात गेला की नापास. “स्वयंपाकघरात येऊन, माझ्या खुर्चीत बसून बघा एकदा,” असं ताई दोनदा म्हणाली. त्यांना ते पटलं नाही. इतकी वर्षं टेबलाने दगा दिला नव्हता.

असं करता करता दोनेक वर्षं गेली; भाचीला तेवढ्यात घरी येणंही जमलं नाही. ताईने हळूच समोर बसायचं सोडलं. “तुम्हीच बोला, आणि मला सांगा,” म्हणायची. भावजी मोबाइल कानाला लावून लेकीशी बोलायचे, भाची घडाघडा तासभर सांगायची, आणि ते ताईकडे वळून म्हणायचे, “बरी आहे म्हणते. काम फार आहे.” तासाभराचं एवढंच. भाची आईला वेगळे मेसेज लिहायची. ताई ते वाचायची आणि मला म्हणायची, “लिहिलेलं कळतं गं, पण ती बोलताना दिसत नाही.” मला भावजींची मानगूट धरावीशी वाटायची.

मग भावजींची खोली रंगवायला काढली. सामान हललं, त्यांचा कंप्युटर झाकला गेला, आणि नाइलाजाने ते ताईचा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात, तिच्याच खुर्चीत बसले. बसल्या बसल्या त्यांनी राउटरला पिंग लावलं. पिंग म्हणजे एक हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. राउटर भिंतीपलीकडे, पण ओ कधी चटकन यायची, कधी इतक्या उशिरा की जणू दुसऱ्या गावाहून. भावजी पुढे सरकले. तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची सूचना आली. तिथे प्लग एकच, तो मिक्सरचा. त्यांनी मिक्सर काढून चार्जर लावला, आणि आकडे एकदम सुतासारखे सरळ झाले. चार्जर काढला, पुन्हा बिघडले. लावला, सरळ. काढला, बिघडले.

“मिक्सर लावू का आता?” ताईने विचारलं.

भावजींना कळलं होतं. ताईच्या लॅपटॉपची बॅटरी जास्त वेळ पुरावी, तिला उठबस पडू नये, म्हणून त्यांनीच हौसेने एक छोटा प्रोग्राम टाकला होता, आणि लिनक्स नव्याने चढवलं की दर वेळी आठवणीने तोही चढवला होता. बॅटरीवर चालताना तो वायफायला मधून मधून झोपवायचा. चार्जर लावला की उठवायचा. त्यांच्या टेबलावर चार्जर कायम लावलेला, आणि स्वयंपाकघरात प्लग मिक्सरचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांनी वायफायची झोप कायमची बंद केली. एक ओळ लिहावी लागली.

मी गेले तेव्हा ते हात मांडीवर ठेवून तसेच बसले होते. “एक ओळ होती गं,” ते म्हणाले. टिंगलीची आयती संधी होती. माझ्याच्याने झालं नाही.

रविवारी त्यांनी ताईचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. “बघ आता,” म्हणाले. चार्जर मुद्दामच लावला नव्हता. भाची आली. चित्र असं की कानातलं हललेलं दिसावं. एकदाही अडकलं नाही. आईला समोर बघून भाची आधी नुसती हसली, मग बोलायला लागली, सावकाश बोलायचं ठरवूनही भरभर. तिने मध्यंतरी दात सरळ करून घेतले होते. दिवसभर परक्या भाषेत बोलून तोंडाची ठेवणही जराशी बदलली होती. आम्हाला ऐकू येत होतं, म्हणून आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

ताई पुढे वाकली. डोळे बारीक केले. भाचीच्या ओठांकडे ती एकटक बघत होती, अनोळखी गावात पाटी वाचावी तशी. ओठ वाचणं ही एकेका माणसाची सवय असते. भावजींचे ओठ तिला अंधुक उजेडातही कळतात, कारण ते रोजचे. लेकीचे सुटले होते.

“आई, कळतंय ना?” भाचीने विचारलं.

ताईने मान हलवली, हो म्हणून. मग हळूच भावजींकडे वळली आणि ओशाळं हसत, लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे न कळून म्हणाली, “अहो, काय विचारलं तिने?”

पडद्यावर भाची बोलायची थांबली. भावजींनी उजेडाकडे तोंड केलं. त्यांचे ओठ थरथरत होते, त्यामुळे त्यांना लेकीचं ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं.