ताईची टाच

रबराच्या कारखान्यात काळी भुकटी मिसळणाऱ्याला सगळे काजळ्या म्हणत. साबणाच्या वड्या झिजल्या, पण त्याच्या नखांतली काजळी काही हटली नाही. घरी टॉवेलसुद्धा त्याचा वेगळा. तरी त्या भुकटीचं त्याला पहिल्या दिवसापासून नवल. कच्चं रबर रोलरांमध्ये कणकेसारखं लोळतं, त्यात ही धूळ मिसळली की तेच रबर ताठ होतं. आणि कण जितका बारीक तितका त्याचा जोर जास्त. खडूची जाड पूड ओता, वजन वाढतं, ताठपणा मात्र बेताचाच. फुंकरीनं उडणाऱ्या धुळीनं एवढ्या मोठ्या गोळ्याला वठणीवर आणावं, याचं त्याला रोज नव्यानं अप्रूप वाटे.

त्याच्या थोरल्या बहिणीचा पाय अपघातानंतर घोट्याच्या वर कापावा लागला, तेव्हा त्याची सगळी भिस्त याच धुळीवर आली. नकली पाय मिळाला, पण टाच दगडासारखी. पाऊल टेकलं की गुडघ्यापर्यंत हादरा. ताईचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. दिवसभर उभी राहून कापड बेतणारी बाई आता खिडकीत बसून राही. दुकान विकूया म्हणाली, आणि बघायला एक जण येऊनही गेला. काजळ्यानं विडा उचलला, की टाच मी करतो.

पहिली केली नुसत्या रबराची. ताई उभी राहताच लटपटली. बारीक भुकटी घातली तर दोन पावलांत हादरा, त्यानं ती टाच लगेच काढून घेतली. भुकटी कमी केली, तरी हादरा आहेच. आणखी कमी केली की पुन्हा लटपट. इकडे आड, तिकडे विहीर.

मग मधलं माप धरून त्यानं आणखी एक टाच आणली. दोन पावलं टाकून ताई थांबली, तसा तो पट्टा सोडायला खाली वाकला.

"राहू दे," ताई म्हणाली. "मला माझ्या टेबलापर्यंत तरी जाऊ दे."

ताई ऐकेल तर शपथ. ओठ चावत ती टेबलापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. काही फेऱ्यांनी तिचा चेहरा सैल झाला.

"अरे, ही बदलतेय."

काजळ्याला एकदम लॅब आठवली. कारखान्यातल्या लॅबवाल्या बाई प्रत्येक नमुना यंत्रात पुन्हा पुन्हा दाबत, आणि पहिल्या काही दाबांचे आकडे धरतच नसत. नव्या रबरात कणांची पकड फार घट्ट असते, बाईंनी त्याला सांगितलं होतं. दाब बसत गेले की त्यातली थोडी सुटते आणि रबर जरा मऊ होऊन आपल्या मूळ स्वभावावर येतं. हे रोज बघणारा हा शहाणा घरी मात्र दोन पावलांत टाचा नापास करत बसला होता. काखेत कळसा, गावाला वळसा.

तो ताईच्या पायाकडे बघत राहिला. डोळ्यांना न दिसणारे कण तिथे एकमेकांना सोडत होते, सावरत होते, आणि त्यांच्या भरवशावर त्याची अख्खी बहीण उभी होती. त्याला हात जोडावेसे वाटले.

ताईनं टेबलावरची कात्री उचलली.

"तो दुकान बघायला आलेला माणूस आहे ना," ती म्हणाली, "त्याला सांग, शर्ट शिवायचा असेल तर माप द्यायला ये."