एकोणीस घरांचं रोप

आमच्याकडे डोंगरउताराला दगड रचून जो बांध घालतात त्याला ताल म्हणतात. तालीमागे माती धरली की पायरीएवढा सपाट तुकडा तयार होतो आणि अशा पायऱ्या वर वर चढत गेल्या, की जिथं शेळी जपून पाय टाकते तिथं आंब्याचं झाड उभं राहतं. हे मी पस्तीस वर्षं पुण्यातल्या शाळेत भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढून दाखवलं. खडूनं काढलेली ताल कधी फुटत नाही, त्यामुळे मला या विषयातलं सगळं कळतं असा माझा समज झाला होता. त्या समजुतीची ही गोष्ट आहे आणि ती सांगताना मला आजही कानकोंडं होतं.

विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला माझं माहेर. वडील गेल्यावर मी हक्क सोडल्याची सही करायला गेले तर दादाच म्हणाला, "बाय, खालची खाचरं माझ्याकडं राहू दे. वरचा माळ तुझ्या नावावर ऱ्हाऊ दे. माहेरात तुझं कायतरी असावं." वरचा माळ म्हणजे दादाच्या घरामागचा खडा डोंगर. पूर्वी तिथं नाचणी-वरई व्हायची, नंतर नुसतं गवत. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की तिथं फळबाग करायची. आमचे हे म्हणाले, "तू कर, मी आंबे खायला येतो," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दादा आणि वहिनीनं त्यांच्या परीनं एक बेत सांगितला होता. दरवर्षी शिमग्यानंतर शेतं मोकळी असतात, तेव्हा गावातली चार घरं एकमेकांच्या कामाला जातात. त्यांना घेऊन वर्षाला दोन ताली घालायच्या आणि घाई करायची नाही. "ताल एक पावसाळा बसू द्यावी लागती," वहिनी म्हणाली. मला हसू आलं. वर्षाला दोन ताली म्हणजे मी सत्तरीत आंबा खाणार! मी जेसीबी बोलावला. आठवड्यात डोंगराला पाच पायऱ्या पडल्या. मग दगड रचायला बाहेरून गवंडी आणले.

वरच्या तीन ताली नुसत्या दगडाच्या झाल्या. चौथ्या तालीच्या वेळी दगडांच्या फटीतून एक घोणस निघाली. मला सापाची भयंकर भीती. मी गवंड्याला सांगितलं, खालच्या दोन ताली सिमेंटनं बंद करा, एकसुद्धा फट नको. दिसायलाही त्या छान दिसायला लागल्या. मी त्यांचे फोटो काढून शाळेतल्या मैत्रिणींना पाठवले.

वहिनी डोक्यावर गवताचा भारा घेऊन वरून येत होती. ती थांबली. तालीवरून तिनं हात फिरवला.

"वन्सं, हिचं त्वांड बांधलंसा व्हय? पाणी कुठनं जायाचं?"

"वरून जाईल."

"वरनं जातं त्ये येगळं. पोटात मुरतं त्याचं काय? तालीला पोट येतं मग."

"वहिनी, मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय."

हे वाक्य मी अगदी असंच बोलले. ती मला तुमी म्हणते आणि मी तिला तू. वयानं ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. तिनं भारा सावरला आणि ती खाली गेली. त्या बिचारीला वाईट वाटलं असेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

जूनमध्ये कलमं लावली. केशर आंबा, चिकू, कडेला सीताफळ आणि पेरू. दादाकडेच मुक्काम होता, त्यामुळे पहिल्या पावसात रोज सकाळी मी छत्री घेऊन त्यांना बघायला जायची. जुलैत झड लागली. चौथ्या दिवशी पाहिलं, तर वरच्या तिन्ही तालींच्या दगडांतून पाणी झिरपत होतं, आणि माझ्या त्या गुळगुळीत ताली कोरड्या ठाक. आधी मला अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. मग जवळ गेले तर शेवटच्या तालीचा मधला भाग वीतभर पुढं आलेला. वहिनी माझ्या मागोमाग आलीच होती. तिच्या हातात पहार होती.

"सरा बाजूला. चार भोकं पाडती. पाणी निगून जाईल."

मी तिला थांबवलं. का थांबवलं? आज याचं धड उत्तरही देता येत नाही. एवढी चांगली भिंत पहारीनं फोडायची, आणि तीही वहिनीनं सांगितलं म्हणून, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "राहू दे, उघडीप पडली की गवंड्याला बोलावते." जमीन माझ्या नावावर होती, त्यामुळे ती पहार घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आवाज झाला. ट्रकमधून खडी ओतावी तसा. शेवटची ताल मधोमध फुटली, तिच्या मागोमाग वरची सिमेंटची फुटली आणि दोन्ही पायऱ्यांची माती चिखल होऊन खाली आली. माझी कलमं गेली ती गेली. पण खाली दादाचा राब होता. उन्हाळ्यात पाला-शेण जाळून भाजलेल्या ज्या तुकड्यात भाताचं रोप करतात, तो राब. इंद्रायणीचं टीचभर वाढलेलं रोप, आठ-दहा दिवसांत उपटून साऱ्या खाचरांत लावायचं. त्यावर गुडघाभर लाल चिखल आणि सिमेंटचे तुकडे बसले. जुलैत पुन्हा पेरून उपयोग नसतो. ते रोप म्हणजे दादाच्या घरचा वर्षाचा भात होता.

वरच्या तीन ताली जशाच्या तशा उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आमच्या भागात याची एक रीत आहे. कुणाचं रोप पुरात गेलं, किडीनं गेलं, तर गाव आपली लावणी उरकून उरलेलं रोप त्याला देतं. त्याचं कुणी काही घेत नाही. पण रोप कुणा माणसामुळे गेलं असेल, म्हणजे कुणाची गुरं शिरली, कुणाचा बांध फुटला, तर त्या माणसानं स्वतः पाटी घेऊन घरोघर जायचं. दारात उभं राहून म्हणायचं, माझ्यामुळं अमक्याचं रोप गेलं, मला रोप द्या. एवढं म्हटलं की विषय संपतो आणि पुढं कुणी तो उकरून काढत नाही. मी लहान असताना आमचे बैल शेजाऱ्याच्या राबात शिरले होते तेव्हा वडील असे फिरले होते. मी त्यांच्याबरोबर होते आणि वडील लोकांच्या दारात खाली मान घालून उभे राहतात, याची मला तेव्हा लाज वाटली होती. म्हणजे रीत मला माहीत नव्हती असं म्हणायलाही जागा नाही.

मी कुणाच्या दारात गेले नाही. तिसऱ्या दिवशी पंचनामा करायला तलाठी आले. त्यांनी विचारलं, कशामुळे झालं? दादा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता गावासमोर हे कागदावर येणार, बाईंची ताल फुटली म्हणून.

"ढगफुटीसारखाच पाऊस होता साहेब," मी म्हटलं. "निसर्गापुढं कुणाचं काय चालतं?"

दादानं मान खाली घातली. "व्हय," तो म्हणाला. "पाऊसच लई हुता." आणि त्यानं सही केली. आयुष्यात माझ्यासाठी तो एवढं एकदाच खोटं बोलला, आणि तेही त्याच्याच भाताबद्दल.

वहिनी तेव्हा घरी नव्हती. ती पाटी घेऊन गेली होती. सलग सहा दिवस ती आसपासच्या वाड्या हिंडली, डोक्यावर इरलं, पायात चिखल. कुठं दहा जुड्या मिळाल्या, कुठं चार. एकोणीस घरं झाली. लोक विचारायचे, काय झालं गं? ती सांगायची, वरनं पाणी आलं. पाणी वरूनच आलं होतं, माझ्या तालीतून. पण ऐकणाऱ्याला वाटायचं की आभाळातून आलं. माझं नाव तिनं एकाही दारात घेतलं नाही. लावणी झाली, अर्धी इंद्रायणी आणि अर्धं कुठलं कुठलं मिसळलेलं रोप. लावणीला मी उतरले खरी, पण तासाभरात कंबर धरून बांधावर बसले. माझा वाफा वहिनीनं पुन्हा सारखा केला.

पुढच्या शिमग्यानंतर वहिनीनं स्वतः ताली घातल्या. मी हाताखाली होते. मोठा दगड खाली, त्याचं बूड डोंगराकडं कललेलं, मागं बारीक दगडांची भर, मग माती. प्रत्येक दगड ती आधी हातात फिरवून बघायची, कुठल्या अंगावर बसायचाय ते. सापाची भीती मला आजही आहे. त्या वर्षी त्या दोनच ताली झाल्या. त्या काळात मी तिला कितीदा तरी म्हणणार होते, की चूक माझी होती. ओठांवर यायचं आणि मी म्हणायचे, हा दगड घेऊ का? तीही म्हणायची, घ्या.

आता झाडं धरायला लागली आहेत. गेल्या मे महिन्यात बाग बघायला शिवार फेरी आली. भाटघरच्या बाजूचे, सारोळ्याकडचे शेतकरी, पाचपन्नास माणसं. गावातल्या, आसपासच्या वाड्यांवरच्या बायाही जमल्या. मी माईक घेतला आणि तासाची घंटा झाल्यासारखी बोलत सुटले. उतार, माती, निचरा. वहिनी चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. ताली कुणी घातल्या असं कुणीतरी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आम्ही घरच्यांनी."

मग भाटघरकडची एक तरुण मुलगी उभी राहिली. तिचाही असाच डोंगर होता. म्हणाली, "मॅडम, मी ताली सिमेंटनं पक्क्या करून घेणार आहे. साप होत नाहीत म्हणतात. तुमचं काय मत?"

आता मात्र गप्प राहणं शक्य नव्हतं. तिच्या खालीही कुणाचा तरी राब असणार. मी सगळं सांगितलं. फोटो, घोणस, पहार आणि पंचनाम्यात मी काय बोलले तेसुद्धा. संपल्यावर टाळ्या झाल्या. एक गृहस्थ म्हणाले, असं खरं बोलायला मोठं मन लागतं. मला फार हलकं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं थोरही वाटलं. वहिनी कुठं आहे हे मी बघितलंच नाही.

गाड्या गेल्या. ऊन उतरायला लागलं. मागच्या दारी वहिनी कपांच्या ढिगापुढं बसली होती, पण कप धूत नव्हती.

"वहिनी, आज सांगून टाकलं सगळं," मी म्हटलं. तिनं काहीतरी बरं बोलावं अशी माझी अपेक्षा होती.

"आयकलं. बरं केलं. त्या पोरीचं वाचंल." मग ती म्हणाली, "वरच्या वाडीच्या म्हातारीनं मला तितंच इचारलं, वन्सं. म्हणली, म्हंजी आमाला फसवून रोप नेलंस व्हय गं? चार जणी हुत्या. समद्या माझ्याकडं बघाय लागल्या."

"तू माझ्यासाठीच तर..."

"तुमाला टाळ्या मिळाल्या," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मी त्या घरांवरनं मान वर करून जात हुती."

"मी उद्याच जाते. एकोणीसच्या एकोणीस घरी जाते. सांगते, वहिनीचा काही दोष नाही."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"आता जाऊन काय मागनार, वन्सं?"

मी तिच्याशेजारी बसले आणि कप विसळायला घेतले. लग्न होऊन गेल्यापासून, या घरात आले की वहिनीनं मला कधी एका भांड्याला हात लावू दिला नव्हता. माहेरवाशिणीनं भांडी घासायची नसतात म्हणायची आणि हातातून ओढून घ्यायची. त्या दिवशी तिनं मला अडवलं नाही.