नापास सुभेदार

मे महिन्यात सोलापुरात कावळासुद्धा सावली सोडत नाही. तसल्या उन्हात आमच्या मिलच्या फाटकाशी एक माणूस दोन जाड चादरी अंगाभोवती लपेटून बसायचा. नवखा कामगार त्याला वेडा समजून पुढे जाई. मी मिलच्या तपासणी खात्यात होतो. आम्हा सगळ्यांच्या पोटापाण्याचा निकाल त्या चादरीत घाम गाळत बसलाय, हे मला ठाऊक होतं.

ते लष्कराचे खरेदी-तपासनीस. मूळचे वेळापूरकडचे, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जवानांसाठी आम्ही विणलेली चादर त्यांच्या होकाराशिवाय मालगाडीत चढत नसे, आणि होकार देणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून सगळी मिल त्यांना 'नापास सुभेदार' म्हणे. चादर भारदस्त वाटावी म्हणून कुणी जास्त खळ चढवली, की ती घामानं सुटून अंगाला चिकटे. "मला फसवाल, घामाला कसं फसवाल?" असं म्हणत, चिकट मान पुसत ते आत येत आणि अख्खा माल परत पाठवत.

मिलचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. पाण्याचा फिरकीचा तांब्यासुद्धा स्वतःचा. आमचे मॅनेजर त्यांच्या नावानं बोटं मोडत, आणि ते फाटकातून आत आले की सगळ्यांत आधी उठून उभे राहत.

सीमेवर तणाव होता, त्या हिवाळ्यात तातडीचा माल तयार झाला. सुभेदारांनी पहिलीच चादर उलगडली आणि थबकले. शेवाळी काठाला लालभडक टीप! दुसरीला तेच, तिसरीला तेच. काठ शिवणाऱ्या बायकांचं काम. त्यांची म्होरकी नरसम्मा पुढे आली. तिचा मुलगा फौजेत होता.

"नजर लागू नाही म्हणून घातलं की साहेब. सगळी पोरं आपलीच की."

मॅनेजर तिला तिथल्या तिथे कामावरून काढायला निघाले. सुभेदारांनी चादरीच्या काठावरून बोट फिरवलं.

"बाई, डोंगरात लाल लई लांबनं दिसतं. नजर चुकंल, गोळी न्हाय चुकायची." मग मॅनेजरांकडे वळून म्हणाले, "माल नापास. पर हिला काढलं तर दुरुस्त कोण करणार? मला हेच हात पायजेत."

नरसम्मा तोंडाला पदर लावून रडत होती. सुभेदारांनी चष्मा चढवला, बायकांच्या रांगेत मांडी घातली आणि टीप उसवायला लागले. ते बघून आम्हीही बसलो, मॅनेजरसुद्धा. माल वेळेत गेला. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. नरसम्माचा मुलगा तोवर सुखरूप सुट्टीवर येऊन गेला होता. निरोपाला बायकांनी एक चादर पुढे केली, चारही काठांना लाल टीप घातलेली. चहा न घेणारा हा माणूस ती घेणार नाही, याची आम्हाला खात्री होती. त्यांनी ती उजेडात धरली, नेहमीसारखा एकेक काठ बोटांनी तपासला.

"पास," ते म्हणाले, आणि ती अंगाभोवती लपेटून भर उन्हात स्टेशनकडे चालायला लागले.