माझ्या बोटानं न थांबलेली घरघर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. औंढा नागनाथला चाळीस वर्षं मी ॲम्प्लिफायर आणि गिटारी दुरुस्त केल्या. आवाज आला की कारण असतंच, आणि ते वायरीत सापडतं. मागच्या मार्चमध्ये मात्र सापडलं नाही...

भर दुपारी कुरुंद्याहून सुजाता आली. अशोकची मुलगी. अशोक एकेकाळी भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, वर्षापूर्वी वारला.

"काका, बाबांची गिटार. लई घरघर करून राहिली. माझ्या लेकीला शिकायचीय."

अशा वेळी तारांवर बोट ठेवलं की घरघर बसते, कारण तारा आतून अर्थिंगच्या वायरला जोडलेल्या असतात. मी बोट ठेवलं. फरक नाही. म्हणजे ती वायर तुटली असणार. उघडलं तर शाबूत! तरी नवी टाकली, तारांखालच्या पिकअपचे टाके पुन्हा मारले, जॅक बदलला. मिटर सगळं बराबर दाखवत होतं. बोट ठेवलं — घरघर तशीच.

"मी बघू?" सुजातानं बोट टेकवलं. एकदम शांत.

तिनं काढलं, मी ठेवलं — पुन्हा घरघर. हात धुऊन आलो. तेच. दुरुस्तीला आलेली दुसरी गिटार लावली. ती माझ्या बोटानं लगेच गप्प.

"तुमच्यावर रुसली का काय ती?" सुजाता हसली. मी ॲम्प्लिफायर बंद केला.

तीस वर्षांपूर्वी, एका कार्यक्रमाआधी ॲम्प्लिफायरची घरघर जाईना, म्हणून मी त्याच्या प्लगमधली, शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची वायर काढून टाकली होती. गिटार हातात धरून अशोकनं माइकला ओठ लावले आणि शॉक लागून तो फेकला गेला. डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. वाजवणं संपलं. लोकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पिऊन आला होता, पडला." लग्नाआधी तो प्यायचा, त्यामुळं सगळ्यांना पटलं.

हे मी सुजाताला सांगितलं.

"आई रोज संध्याकाळी बाबांचं तोंड हुंगायची, काका. शेवटपर्यंत... चला, तिला सांगा."

तशीच गिटार घेऊन आम्ही कुरुंद्याला गेलो. वहिनी ओसरीवर हळकुंडं निवडत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांचे हात थांबले.

"म्हंजे 'पिलो न्हाई' म्हणायचे, ते खरं बोलून राहिले होते?"

"व्हय, वहिनी."

"मंग ते होते तवर काहून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

वहिनींनी आतल्या भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. "मला काय सांगता? त्यांना सांगा."

फोटोसमोर उभा राहून मी पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्यानं. गिटार शेजारीच टेकवलेली होती. तिला परत हात लावायचं धाडस मला झालं नाही. माझ्याच बोटानं ती का थांबत नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही.