अलाइनमेंटचा रिपोर्ट दुसऱ्याच गाडीचा

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेत होते. नारायण पेठेतून बाहेर पडताच पुढचा डावा टायर फुटला. वेग नव्हता म्हणून वाचलो.

पंक्चरवाल्या काकांनी चाक काढून दाखवलं. बाहेरून टायर चांगला, आतल्या कडेला मात्र तारा दिसत होत्या. "ताई, आतून खाल्लाय. चाकांची अलाइनमेंट कधी केली होती?"

तीन महिन्यांपूर्वीच! गाडी डावीकडे ओढत होती म्हणून.

रिक्षाने पोहोचेपर्यंत आमची वेळ गेली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर.

आईला घरी सोडून मी तडक त्या अलाइनमेंटच्या दुकानात गेले. मालक खुर्चीतून न उठता म्हणाला, "रस्तेच खराब आहेत. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो."

मी त्यांनीच दिलेला रिपोर्ट पुढे केला. घरून निघताना तो शोधून काढला, तेव्हा पहिल्यांदाच नीट वाचला होता. "अहो, यावरचा गाडीचा नंबर माझा नाही."

त्याने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "आणा, फुकट करून देतो."

"नको. तुमच्या हातात मी सायकलसुद्धा देणार नाही."

ऑपरेशनच्या धास्तीने आई चार रात्री झोपलेली नाही. आता पुन्हा आठवडाभर तेच. हे कोण भरून देणार?

तुमचा रिपोर्ट तुमच्याच गाडीचा आहे ना? आत्ता उठून बघा.