घरपट्टीपुरता भाचा

आमच्या कॉलनीत महापालिकेचा घरपट्टीवाला आला, की निम्म्या घरांतले भाडेकरू पाहुणे होत. कुणी मेहुणा होई, कुणी मावसभाऊ, कुणी नुसतंच ‘गावाकडचे’. मालक स्वतः राहत असेल तर त्या घराची पट्टी साधी आणि भाडेकरू ठेवला असेल तर त्या खोल्यांची कितीतरी पट, असा नियम होता. मूळ भाडं ते केवढं, त्यातून ही पट्टी भरली तर हातात उरणार काय, म्हणून सगळेच लपवत. घरपट्टीवाला शेगड्या मोजायचा. एका घरात दोन जागी स्वयंपाक दिसला की भाडेकरू आहे, असं तो धरायचा. तो कोपऱ्यावर दिसला की पहिल्या घरातली बाई गॅलरीतून मोठ्यांदा विचारायची, “पाणी आलं का हो तुमच्याकडं?” मग गल्लीभर दुसऱ्या शेगड्या पलंगाखाली सरकत.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. हातात दिवसभर मापाचं गेज. पार्ट गेजमधून गेला तर पास, अडला तर रिजेक्ट. मधलं काही नसतं. ही सवय मला घरीही होती, बायको त्यावरून बोलायची. कॉलनीच्या मंडळाचा सेक्रेटरीही मीच होतो, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

ही कॉलनी जिथं उभी राहिली तिथं आधी फुलांची शेती होती. ज्यांची होती त्या जोडप्याने प्लॉट पाडून विकले आणि कोपऱ्यात स्वतःला घर ठेवलं. नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. म्हातारी एकटी राहायची आणि अंगणात शेवंती, गुलाब लावायची. सकाळी परडी भरून मंदिरापाशी विकायला बसायची, गरजेपेक्षा सवयीने जास्त. घराच्या पुढच्या दोन खोल्या तिने येवल्याकडच्या एका तरुण जोडप्याला भाड्याने दिल्या. तो सातपूरलाच शिफ्टमध्ये कामाला होता.

ते राहायला आले त्याच महिन्यात घरपट्टीवाला आला. माझी दुसरी पाळी होती, मी सकाळचा घरी होतो. म्हातारीने घाबरून मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा तो माणूस दारातच उभा होता आणि त्या पोराकडे बोट दाखवून विचारत होता, “हे कोण?”

म्हातारी माझ्यामागे सरकली. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी जराही न अडखळता म्हणालो, “त्यांचा भाचा आहे. येवल्याचा.”

“सख्खा?”

“सख्खाच.”

“मग दोन शेगड्या कशाला?”

म्हातारीच अचानक पुढे होऊन बोलली. “त्यो माळकरी हाय. त्याला माझं लसणाचं चालत नाय.”

नेमका त्याच वेळी आतून, माळकऱ्याच्या शेगडीवरून, सुकटीचा वास आला. घरपट्टीवाल्याने नाक जरा वर केलं, वही मिटली आणि म्हणाला, “माळकऱ्यांना सांगा, तवा जळतोय.” चहा घेऊन गेला बिचारा. पुढे कितीतरी दिवस गल्लीतली माणसं त्या पोराला ‘काय माळकरी’ म्हणून हाक मारत होती.

त्या दिवसापासून तो म्हातारीला आत्या म्हणू लागला. आधी थट्टेत, मग सवयीने. त्याचं ऐकून त्याची बायको म्हणू लागली, मग आम्ही सगळेच. तोवर आम्हा कुणालाच तिला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं.

वर्ष-दीड वर्षात दुसरी शेगडी खरोखरच बंद झाली. घरपट्टीवाला येवो न येवो, ती पलंगाखालीच राहिली. त्याच्या बायकोला दिवस गेले तेव्हा आत्यांनीच सांगितलं, “दोन जागी धूर कशाला करायचा?” मुलगी झाली. तिला न्हाऊमाखू घालणं, शेक-शेगडी, सगळं आत्यांनी केलं. आत्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हा रजा टाकून दवाखान्यात बसला. पहिल्या पाळीला जायच्या आधी तो आत्यांना चहा करून द्यायचा आणि मग सायकल काढायचा. भाडं तो देत होता, त्या घेत होत्या. त्याबद्दल दोघंही कधी बोलताना मी ऐकलं नाही.

पुढे काही वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, घरपट्टी वाढवण्याचा प्रस्ताव आला. पेपरात रोज त्याचीच चर्चा. लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला आमच्या भागाचे नगरसेवक विभागीय कार्यालयातल्या एका साहेबांना घेऊन आले. गणपती मंदिरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. आत्याही आल्या होत्या, भिंतीला टेकून पहिल्याच रांगेत.

सुरुवात नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी केली. “साहेब, नळाला पाणी अर्धा तास येतं आणि पट्टी चोवीस तासांची घेता.”

“काका, पाणीपट्टी वेगळी. ही घरपट्टी.”

“पाणी घरातच येत नाही ना, म्हणून घरपट्टीत विचारतोय.”

नगरसेवक हात जोडून म्हणाले, “मी महासभेत तुमच्याच बाजूने बोलणार आहे.”

“मागल्या वेळेलाही बोललात म्हणे,” मागून एक बाई म्हणाल्या. “माइक बंद होता का हो?”

सगळे हसले, नगरसेवकही हसले. साहेब मात्र हसले नाहीत. दमलेले दिसत होते, पण माणूस वाईट वाटला नाही. ते म्हणाले, “शहर वाढतंय. रस्ते मागता, दिवे मागता, गटारी मागता. पैसा कुठून आणू? तुमच्याच कॉलनीचं बघा. कागदावर इथं एकही भाडेकरू नाही. घरोघरी पाहुणे. इतके पाहुणे लग्नघरीही नसतात. पाहुण्यांची पट्टी बुडते, म्हणून सगळ्यांची वाढवावी लागते.”

तेव्हा मी उठलो.

मी काय बोललो ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण मी ते आठवडाभर मनात घोळवलं होतं. मी म्हणालो, “साहेब, सरसकट वाढ करू नका. जो स्वतःच्या घरात राहतो त्याचा काय दोष? जो भाडं घेतो त्याच्याकडून भाडेकरूची पट्टी घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका. प्रत्येक घराकडून लेखी घ्या, घरात कोण राहतं आणि नातं काय. खोटं लिहिलं तर मागची सगळी वसुली लावा.”

टाळ्या पडल्या. साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि नगरसेवकांना म्हणाले, “बघा, असा एक माणूस प्रत्येक कॉलनीत पाहिजे.”

मला आत्यांचा विसर पडला होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. बोलताना त्या माझ्या समोर होत्या. ‘नातं काय’ म्हणताना माझी नजर त्यांच्यावर गेली आणि मनात आलं, त्या लिहितील भाचा, अडचण नाही. एवढाच विचार केला. मग टाळ्या पडल्या आणि मला बरं वाटलं.

पुढे वाढ झाली, पण सुरुवातीला म्हणत होते तेवढी नाही. त्यात माझ्या भाषणाचा वाटा किती, देव जाणे. लेखी जबाब मात्र मागितले गेले. आमच्या गल्लीतले जबाब गोळा करून द्यायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं.

मी आत्यांकडे गेलो तेव्हा त्या ओट्यावर शेवंती निवडत होत्या. तोही सुट्टीमुळे घरी होता, मुलीची वेणी घालत होता.

“काय लिवायचं, भाऊ?” आत्यांनी विचारलं.

“भाचा लिहू. इतकी वर्षं म्हणतोच आहोत.”

“म्हणणं येगळं. कागदावर आलं की माझ्या दिराची पोरं इचारतील, ह्यो कोणता भाचा काढला म्हातारीनं? घर ह्याच्या नावावर केलं म्हणतील. मी मेल्यावर ह्या पोराला कोर्टात वढतील. ती पोरं लय वाईट हायत.”

“मग भाडेकरू लिहू.”

“तेवढी पट्टी भरू कुठनं? आन् मागची वसुली? तुमीच म्हनले ना सभेत.”

मी खाली पाहिलं. त्या हातातलं फूल तसंच धरून मला म्हणाल्या, “आन् भाडेकरू हाय का त्यो? तुमीच सांगा.”

मी एकदा विभागीय कार्यालयात जाऊन आलो. साहेबांनी मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “मला कळतंय हो. पण हिला सोडलं तर उद्या सगळ्या गल्लीचे भाचे माझ्या टेबलावर येतील. तुम्हीच म्हणालात, तोंडी धरू नका.” बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी तो पोरगाच म्हणाला, “आत्या, मी दुसरीकडं खोली बघतो. लांब नाही जात.” खोली मिळाली ती नाशिक रोडच्या पलीकडे. टेम्पोत सामान चढलं तेव्हा पलंग उचलल्यावर ती दुसरी शेगडी सापडली, धुळीने माखलेली. आत्यांनी पदराने पुसली आणि त्याच्या बायकोच्या हातात दिली. “आता लागंल तुला,” म्हणाल्या.

त्यानंतर आत्यांचा जबाब मी लिहिला. त्यांना लिहिता येत नव्हतं. ‘सदर घरात मी एकटी राहते,’ असं माझ्या अक्षरात, आणि त्याखाली त्यांचा अंगठा. गल्लीत भाडेकरू ठेवणाऱ्या घरांच्या जबाबांत तेवढाच पूर्ण खरा असेल. बाकीच्यांनी मेहुणे आणि मावसभाऊ बिनधास्त लिहून दिले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तो पहिल्या पहिल्यांदा दर रविवारी यायचा. पुढे शिफ्ट, ओव्हरटाइम, मुलीची शाळा. दोन बस बदलून यायचं म्हणजे दिवस मोडायचा. आत्या मला कधी काही बोलल्या नाहीत. देवाला फुलं घ्यायला गेलो की पूर्वीसारखीच परडी पुढे करायच्या. बायकोने त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं तर म्हणायच्या, “केलंय की मी.” एका माणसाचा स्वयंपाक त्यांनी कितपत केला असेल, मला माहीत नाही. मी कधी आत जाऊन पाहिलं नाही.

एका थंडीत त्यांच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच होती. बायकोच्या लक्षात आलं. मी मागच्या बाजूने अंगणात गेलो. त्या गुलाबाच्या वाफ्यापाशी पडल्या होत्या, परडी उपडी झालेली. डॉक्टर म्हणाले, पहाटेच केव्हा तरी गेल्या. पडल्यावर काही वेळ जिवंत असाव्यात, असंही म्हणाले. पहाटे, म्हणजे त्याची पहिल्या पाळीची वेळ. तो असता तर चहाचा कप घेऊन त्यांना शोधत आला असता.

मी त्याच्या कारखान्याच्या गेटवर फोन करून निरोप ठेवला. तो गणवेशातच आला, हाताला तेल लागलेलं. तोवर दिराची मुलं पोचली होती. त्यातला थोरला सगळं हातात घेऊन होता. कोण उचलणार, कोण मडकं धरणार, तोच ठरवत होता. हा सरळ आत गेला आणि आत्यांच्या पायाशी बसला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही कोण?”

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्या वेळी घरपट्टीवाल्याने विचारलं होतं तेव्हाही त्याने असंच पाहिलं होतं. तेव्हा मी क्षणाचाही विचार केला नव्हता. आता तोच एक शब्द, ‘भाचा’, माझ्या तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. समोर पुतणे होते, घराचा प्रश्न होता, उद्या कुणी म्हणालं असतं की सेक्रेटरीने सांगितलं. एवढं सगळं तेवढ्यात माझ्या डोक्यात येऊन गेलं.

त्याने नजर पुन्हा आत्यांच्या पायांकडे वळवली. मग म्हणाला, “पुढच्या खोल्यांत राहायचो. भाडेकरू.”

“बरं, बरं,” थोरला म्हणाला. “जरा बाजूला होता का? घरच्या माणसांना उचलायचंय.”

तो उठून भिंतीकडे सरकला. मी पुढेच उभा होतो. कॉलनीच्या वतीने हार मीच घालायचा होता.